नवीन बर्गरचं दुकान: ‘हलाल आहे का?’ एवढंच विचारून भागेल का?

वाशी-नेरुळपाठोपाठ खारघर, तळोजा, उलवे इथे वस्ती वाढतेय, तशी बर्गर, पिझ्झा आणि फ्राइड चिकनची दुकानंही येताहेत. नवीन बोर्ड लागला की आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘हलाल आहे का?’ पुढे मात्र मतं फुटतात. तरुणांना मित्रांसोबत बसायला स्वच्छ जागा मिळाल्याचा आनंद असतो. वडीलधाऱ्यांना शंका असते. काहींना गाझा आठवतो, तर मोहल्ल्यातल्या शोरमा-कबाबवाल्याला धंद्याची काळजी लागते.

यातली एकही भूमिका चुकीची नाही. अडचण एवढीच की आपण बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डवर निर्णय घेतो.

हलालचंच बघा. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या अन्नाला सरकार हलाल प्रमाणपत्र देत नाही. ते हलाल इंडिया, जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट अशा संस्था देतात. ऑगस्ट २०१९ मध्ये मॅकडोनाल्ड्स इंडियाने ट्विटरवर एका ग्राहकाला उत्तर दिलं की आपल्या सर्व रेस्टॉरंट्सकडे हलाल प्रमाणपत्र आहे, मॅनेजरकडे मागून पाहा. त्यावरून बहिष्काराची मोहीम चालली. त्या गदारोळात कामाची गोष्ट मागे पडली. ती म्हणजे, कागद मागता येतो. तेव्हा काउंटरवर शांतपणे विचारा: प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं आहे, मुदत कधीपर्यंत आहे आणि ते याच शाखेला लागू आहे का? ग्राहक म्हणून हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. मॅनेजरने टाळाटाळ केली, तर आपणही ऑर्डर टाळावी.

गाझाचा मुद्दाही माहिती घेऊनच मांडायला हवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलमधल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्रँचायझीने सैनिकांना मोफत जेवण वाटलं. अनेक देशांत बहिष्कार झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये मूळ कंपनीने तिथली २२५ रेस्टॉरंट्स स्वतःकडे घेण्याचं जाहीर केलं. आपल्याकडे पश्चिम आणि दक्षिण भारतातली रेस्टॉरंट्स वेस्टलाइफ ही भारतीय कंपनी चालवते. पण ब्रँड तोच आहे. कोणी जाईल, कोणी जाणार नाही. दोघांनी एकमेकांच्या इमानावर बोट ठेवू नये.

आमच्या मते सगळ्यात कमी चर्चा होते ती तब्येतीची. दीनमध्ये हलालसोबत ‘तय्यिब’ हा शब्दही येतो, म्हणजे शुद्ध, चांगलं आणि शरीराला मानवणारं. बर्गर, फ्राइज आणि कोल्ड्रिंकचा कॉम्बो हलाल असेलही, पण मीठ, तेल आणि साखर त्यात भरपूर असते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. आपल्या नात्यागोत्यात नजर फिरवली तरी हा आकडा कळतो. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पालक-शिक्षक सभेत किती जण हे विचारतात?

हा हिशेब मोहल्ल्यातल्या गाड्यांनाही लावला पाहिजे. ‘आपला माणूस आहे’ म्हणून तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलेलं चालवून घेणं बरोबर नाही. छोट्या दुकानदाराने एफएसएसएआयचा नंबर दर्शनी लावला, मांस कुठून आणतो ते सांगितलं आणि हात-भांडी स्वच्छ ठेवली, तर मोठ्या साखळीसमोर तो टिकू शकतो. तो टिकला तर पैसाही वस्तीतच राहतो.

पोरांना सरसकट बंदी घातली तर ती लपून खातील. महिन्यातून एखाद्या वेळी, कागद पाहून, कोल्ड्रिंक वगळून जायचं, असा नियम घरात सगळ्यांनी बसून ठरवावा. नवीन दुकानं येतच राहणार. आपल्या ताटात काय यावं, हे जाहिरातीने किंवा फॉरवर्डने नाही, तर घराने ठरवायचं आहे.