समाज आमचाही आहे

शिबिराच्या पहिल्या दिवशी आपण ओळखीची फेरी घेतो. नवऱ्याचं नाव सांगायचं नाही, वडिलांचं नाही, जात-गाव नाही. फक्त 'मी कोण' ते सांगायचं. दर वेळी काही जणी अडखळतात. "मग सांगू तरी काय?" असं एखादी हसत हसत विचारते. आपण लगेच निष्कर्ष काढतो की, बाईला स्वतःची ओळखच उरू दिलेली नाही.

इतक्या शिबिरांनंतर मला हा निष्कर्ष अपुरा वाटू लागला आहे. माहेरची बोली, आजीच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या, घरातला देव, सणाचा स्वयंपाक, वस्तीत एकमेकींच्या बाळंतपणाला धावून जाणं हे सगळं वजा केल्यावर उरणारी 'मी' कोण? कुणीही माणूस एकट्याने घडत नाही. बाईही नाही. म्हणून विचारायचं ते हे की, ज्या समाजाने तिला घडवलं, त्या समाजात तिचं स्थान काय?

आपल्या नावापासूनच सुरुवात करू. बारशाला आत्या कानात नाव सांगते. वीस-बावीस वर्षं आपण त्या नावाला ओ देतो. मग लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने दुसरंच नाव लिहिलं जातं आणि सगळ्या बायका कौतुकाने बघतात. मुलाचं नाव मात्र कोणी पुसत नाही. तो समाजाचा जन्मजात सभासद. बाईचं सभासदत्व आधी बापामार्फत, मग नवऱ्यामार्फत. ते कायम उसनं असतं.

सरकारी कागदही बराच काळ याच रीतीने चालले. मुलाची जात म्हणजे बापाची जात, असंच धरलं जाई. आंतरजातीय लग्नातून झालेल्या आणि आईच्या समाजात वाढलेल्या मुलाला ते सिद्ध करण्याची संधी मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली स्पष्ट केलं. नावात आईचं नाव लावणं महाराष्ट्रात बंधनकारक झालं ते 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी. म्हणजे आई ही मुलाची ओळख आहे, एवढं साधं सत्य कागदावर यायला एवढी वर्षं लागली.

सभासदत्व उसनं, पण समाजाच्या अब्रूचं ओझं मात्र तिच्याच अंगावर. कंजारभाट समाजातल्या कौमार्य परीक्षेची प्रथा आपल्याला माहीत आहे. लग्नाच्या रात्री पांढरी चादर आणि सकाळी पंचांसमोर नवरदेवाची साक्ष. निवाडा करणाऱ्या पंचांमध्ये बाई नाही. जिच्याबद्दल निवाडा, तिला बोलायची सोय नाही. मुलग्याची परीक्षा तर कुणाच्या स्वप्नातही नाही.

हे वाचून "तो समाजच मागासलेला" असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. तिथे थांबायला हवं. 1871 साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. कंजारभाट त्यातच भरडले गेले. जन्माला आलं की गुन्हेगार. हजेरी, तारेचं कुंपण, परवानगीशिवाय गाव सोडायची बंदी. तो शिक्का कायद्याने पुसला गेला 1952 साली, लोकांच्या आणि पोलिसांच्या मनातून अजून पुरता नाही. ज्यांना चौकीत न्याय मागायला जाण्याचीच धास्ती, ते भांडण कुठे नेणार? पंचांकडेच. बाहेरच्यांनी दारं लावली की आतल्यांची सत्ता वाढते आणि तिचा सगळ्यात जड भार बाईवर पडतो.

आणि ज्यांच्याकडे पंचायत भरत नाही त्यांचं काय? आपल्या पांढरपेशा घरांतल्या वधू-वर सूचक मंडळांचे फॉर्म काढून बघा. पोटजात, गोत्र, 'घरंदाज', 'निर्व्यसनी कुटुंब'. मुलीने जातीबाहेर लग्न केलं तर दंड लागत नाही, फक्त सणाला बोलावणं येत नाही. चादर दिसत नाही, एवढाच फरक.

यात आपल्या चळवळीचंही चुकलं आहे. 1975 नंतरच्या उत्साहात आपण म्हणालो, बाई ही बाईच, तिला जात नाही, धर्म नाही. 1992-93 च्या मुंबईतल्या दंगलींनी तो भ्रम मोडला. बाया रस्त्यावर उतरल्या, पण आपापल्या धर्माच्या बाजूने. 1995 साली दलित स्त्रियांनी राष्ट्रीय पातळीवर स्वतःचा महासंघ उभा केला. त्यांचं म्हणणं आपल्याला तेव्हा झोंबलं, पण ते खरं होतं. 'जात विसरा' असं सांगणं ज्यांना जातीचे चटके बसत नाहीत त्यांना सोपं जातं. जिच्या वस्तीवर हल्ला होतो तिच्यासाठी तिचा समाज हीच ढाल असते. ती ढाल टाकून आमच्याकडे ये, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं? आपल्याकडे तिला द्यायला घर आहे का?

म्हणून मला 2018 च्या सुमारास कंजारभाट तरुण-तरुणींनी केलेली कृती मोलाची वाटते. त्यांनी समाज सोडला नाही. आपण याच समाजाचे आहोत आणि ही प्रथा आपल्याला नको, असं त्यांनी उघड सांगितलं. पिंपरीत लग्नघरी त्यांच्यातल्या काहींना मारहाण झाली. तरी त्यांनी पंचांना खरा प्रश्न विचारला: समाज म्हणजे कोण? तुम्हीच का?

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 साली कायदा मंजूर केला, तो 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. कायदा हवाच होता. पण कायदा पंचाला तुरुंगात घालील. वाळीत टाकलेल्या बाईच्या घरी हळदीकुंकवाला कोण जाईल? तिच्या सासऱ्याच्या मयतीला खांदा कोण देईल? तिच्या पोरीचं लग्न जमवायला कोण पुढे होईल? पंचांची ताकद याच प्रश्नांत आहे. तिथे आपली संघटना उभी राहिली नाही, तर ती बाई तक्रार मागे घेईल आणि तिला दोष देण्याचा आपल्याला अधिकार नसेल.

मैत्रिणींनो, समाज की हक्क, अशी निवड बाईपुढे ठेवणं आपण थांबवू या. पंचही तिला तेच सांगतात. तिला दोन्ही हवं आहे आणि दोन्ही तिचंच आहे. समाज कसा असावा हे ठरवणाऱ्या बैठकीत तिची जागा हवी. ती कुणाची मुलगी किंवा सून म्हणून नव्हे, समाजातलं माणूस म्हणून.

पुढच्या शिबिरात ओळखीची फेरी मी वेगळी घेणार आहे. जात-गाव, माहेर-सासर सगळं सांगा. मग तीन प्रश्न. तुझ्या समाजाने तुला काय दिलं? तुझं काय घेतलं? आणि त्यात बदल करायचा ठरला, तर तुला कोणी विचारील का? तिसऱ्या प्रश्नाला ज्या गप्प राहतील, त्यांच्यापासून कामाला सुरुवात करू.