रिकामी टोपली

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ, वेळास नावाचे लहानसे गाव आहे. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या वाचकांस ते ठाऊक असेल. हल्ली मात्र त्याची ख्याती कासवांमुळे आहे. ऐन वसंतात तेथील किनाऱ्यावर भरणारा कासव महोत्सव पाहण्यास आम्ही यंदा गेलो होतो. परतल्यावर एका सुशिक्षित स्नेह्यांनी विचारले, "तेथे होते तरी काय?" आम्ही खरे तेच सांगितले : पहिल्या दिवशी सकाळसायंकाळ टोपल्या उचलल्या, खाली नुसती वाळू होती; दुसऱ्या सकाळी सात पिल्ले निघाली आणि समुद्रात गेली. स्नेही हसून म्हणाले, "सात पिल्लांसाठी एवढा प्रवास! एखादे व्यासपीठ, थोडे गाणेबजावणे, रात्री किनाऱ्यावर रोषणाई, एवढे तरी हवे." या सूचनेमागे वाईट हेतू नाही, आणि म्हणूनच तिचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत हातभर खोल खड्डा करून सुमारे १०० अंडी घालते, खड्डा बुजविते आणि निघून जाते. त्या अंड्यांकडे ती पुन्हा फिरकत नाही. ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर येतात आणि काळोखात समुद्राकडील जे क्षितिज किंचित उजळ दिसते, त्या रोखाने धावतात. किनाऱ्यावर दिवे लावले की ती समुद्र सोडून दिव्यांकडे वळतात व वाट चुकून मरतात. अंडी घालण्यास आलेली मादीही उजेड पाहून परत फिरते. तेव्हा ज्या रोषणाईने महोत्सव खुलवावा असे आमचे स्नेही म्हणतात, ती म्हणजे उत्सवमूर्तीचाच वध होय.

याच्या उलट टोकाचा एक पक्ष आहे. तो म्हणतो, प्रेक्षकच नकोत. निसर्गास एकटे सोडा. हे मत ऐकण्यास उदात्त आहे; परंतु एकटे सोडल्यावर काय होत होते, ते वेळासकरांस ठाऊक आहे. अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कुत्री व कोल्हे फस्त करीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पुस्तकात होताच. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित पुरण्याचे काम आरंभिले, तेव्हा चित्र पालटू लागले. २००६ पासून महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले, त्यांच्याच पंगतीस जेवू लागले. अंडे विकण्यापेक्षा राखण्यात गावाचे हित आहे, हे कोणत्याही व्याख्यानाहून या पंगतीने अधिक चांगले पटविले. म्हणून प्रेक्षक हवेत; प्रश्न एवढाच की, त्यांनी कोणती दृष्टी घेऊन यावे.

पहिल्या सायंकाळी टोपली रिकामी निघाली तेव्हा शहरातून आलेले एक गृहस्थ कुंपणाजवळच्या तरुणास म्हणाले, "आम्ही पैसे भरून आलो आहोत." तो शांतपणे म्हणाला, "साहेब, ती काही आमच्या हुकमाची नाहीत. उद्या सकाळी या." त्या गृहस्थांस हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. कारण त्याच क्षणी आमच्याही मनात परतीच्या गाडीची वेळ घोळत होती आणि पिल्लांचा थोडासा रागच आला होता. देवळात शिरताना दगडी कासवापुढे मान लवविणारे आम्ही, जिवंत कासवाने मात्र आमच्या वेळापत्रकाप्रमाणे जन्मास यावे अशी अपेक्षा करीत होतो!

संतसाहित्यात कासवीचा दृष्टान्त वारंवार येतो : ती केवळ दृष्टीने पिल्लांचे पोषण करते. वर्गात तो समजावून सांगताना, हे प्राणिशास्त्रास धरून नाही, अशी पुस्ती आम्ही वर्षानुवर्षे जोडीत आलो. वेळासच्या वाळूवर ती पुस्ती अपुरी वाटली. आई सोडून गेलेल्या अंड्यांवर दृष्टी ठेवणारे तेथे कोणी आहे. पहाटे किनारा तुडवून मादीचा माग काढणारा, रोज टोपली उचलून पाहणारा आणि ती रिकामी असली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा येणारा. तो पिल्लांकडे काही मागत नाही. आम्ही मात्र देखावा मागतो.

सध्या जेथे तेथे महोत्सव भरतात, आणि बहुतेकांत प्रेक्षकास कंटाळा येऊ नये याचीच काय ती चिंता वाहिली जाते. वेळासचा महोत्सव कशाचीही हमी देत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य आहे. तेथे व्यासपीठ नको, ध्वनिक्षेपक नको, दिवे तर मुळीच नकोत. ज्यांस रिकामी टोपली सोसवत नाही, त्यांनी खुशाल घरी बसावे. आणि जे जातील त्यांनी, आमच्यासारखे न करता, परतीची घाई घरी ठेवून जावे.