कीर्द पक्की, तर खतावणी पक्की

व्यापारी घराण्यांत एक जुना नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला आहे : व्यवहार घडताच त्याची नोंद कीर्दीत व्हावी. खतावणी उद्या मांडता येते, ताळेबंद वर्षाअखेरीस जुळवता येतो. परंतु कीर्दीतच जे उतरले नाही ते पुढे कोणत्याही वहीत सापडत नाही. चलत्‌चित्रणालाही हाच नियम लागू आहे. संकलन, रंगसंस्कार, संगीत ही सारी खतावणी होय. कॅमेऱ्यासमोर घडले त्या क्षणी काय टिपले गेले, ही कीर्द होय.

हट्टा हे हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील गाव. परिसर हळदीचा, बाजारपेठ वसमतची, आणि मंगल कार्यांचा हंगाम ऐन उन्हाळ्याचा. अशा गावांतून आता लग्न, गृहप्रवेश, धार्मिक महोत्सव यांचे चित्रण डीएसएलआर कॅमेऱ्यांवर होते. हा कॅमेरा मुळात स्थिरचित्रांसाठी घडलेला. सन २००८ मध्ये निकॉन डी९० हा चलत्‌चित्रण करणारा पहिला डीएसएलआर आला आणि त्याच वर्षी कॅननच्या ५डी मार्क टू या कॅमेऱ्याने पूर्ण एचडी दर्जाचे चित्रण शक्य केले. मोठा संवेदक, बदलता येणारी भिंगे आणि आवाक्यातील किंमत यांमुळे छायाचित्रकार पाहता पाहता चित्रपटकार झाला.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, हे मुंबईतील व्यावसायिक छायाचित्रकार. त्यांनी परदेशातून चलत्‌चित्रणाचा कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती चित्रित केली. ती फीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. टिपण्याचे काम एका यंत्राचे आणि ती नोंद पक्की करण्याचे काम अन्यत्र, ही विभागणी तेव्हाही होतीच. आज तीच विभागणी हातभर केबलीच्या अंतरावर आली आहे. कॅमेऱ्याला जोडलेल्या या दुसऱ्या यंत्रास बाह्य रेकॉर्डर म्हणतात.

डीएसएलआर कॅमेऱ्याची अडचण नेमकी कोठे आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. पहिली अडचण वेळेची. कॅननच्या ५डी मार्क टू किंवा ७डी या कॅमेऱ्यांत एक फाइल ४ जीबीची झाली की चित्रण थांबे. पूर्ण एचडीमध्ये ही मर्यादा सुमारे १२ मिनिटांत गाठली जाई. पुढील कॅमेऱ्यांत फाइल आपोआप तुटून दुसरी सुरू होऊ लागली, तरी बहुतेकांवर २९ मिनिटे ५९ सेकंदांची सीमा राहिली. तिचे मूळ तंत्रात कमी आणि करात अधिक आहे. युरोपात ३० मिनिटे वा अधिक अखंड चित्रण करणारे यंत्र व्हिडिओ कॅमेऱ्याच्या वर्गात जाऊन त्यावर अधिक सीमाशुल्क लागत असे. म्हणून उत्पादकांनी एक सेकंद अलीकडेच थांबणे पसंत केले. व्यापाऱ्यांना हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी अडचण दर्जाची. संवेदकावर पडलेले चित्र कार्डावर जाण्यापूर्वी कॅमेरा ते फार मोठ्या प्रमाणात आवळतो. दिवसभराच्या पन्नास नोंदींऐवजी मुनिमाने केवळ एकूण रक्कम लिहावी, तसा हा प्रकार आहे. विशेष काटकसर रंगांच्या बाबतीत होते. ४:२:० या पद्धतीत चार चित्रबिंदूंच्या मागे रंगाची एकच नोंद ठेवली जाते; ४:२:२ या पद्धतीत दर दोन बिंदूंना एक ठेवली जाते. हळदीच्या विधीतील पिवळा रंग किंवा पैठणीचा लालभडक काठ पडद्यावर कडेला फुटल्यासारखा, विरघळल्यासारखा दिसतो, त्याचे एक कारण ही काटकसर असते.

बाह्य रेकॉर्डर या दोन्ही अडचणींवर उपाय करतो. कॅमेऱ्याच्या एचडीएमआय जोडणीतून बाहेर पडणारे चित्र आतील आवळणीपूर्वीचे असते. रेकॉर्डर ते घेऊन प्रोरेससारख्या सैल आवळणीच्या स्वरूपात वेगळ्या एसएसडीवर लिहितो. कॅमेऱ्याने स्वतःचे चित्रण थांबविले तरी केबलीतून चित्र येत राहते, म्हणून अनेक कॅमेऱ्यांत वेळेची सीमा लागू राहत नाही. या क्षेत्रातील अ‍ॅटोमॉस आणि ब्लॅकमॅजिक डिझाइन या दोन प्रसिद्ध कंपन्या ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या आहेत. त्यांच्या रेकॉर्डरला सामान्यतः पाच इंच वा त्याहून मोठा पडदा असतो. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर लक्षात न येणारी अस्पष्टता त्यावर तत्काळ दिसते, हा तिसरा लाभ.

तथापि प्रत्येक कॅमेरा या कामास योग्य नाही. केबलीतून येणाऱ्या चित्रावर बॅटरीचे चिन्ह, फोकसची चौकट, आकडे असे काहीही असता कामा नये. निकॉनच्या डी८०० मध्ये ही सोय २०१२ पासून होती. कॅननच्या ५डी मार्क थ्री या कॅमेऱ्याला ती एप्रिल २०१३ मधील फर्मवेअरच्या सुधारणेने मिळाली. ५डी मार्क फोर स्वतःच्या कार्डावर ४के चित्रण करतो, परंतु एचडीएमआयमधून केवळ पूर्ण एचडीच देतो; ४केसाठी त्याला रेकॉर्डर जोडणे व्यर्थ होय. उलट निकॉन डी८५० केबलीतून ४के देतो आणि डी७८० तर १० बिट खोलीचे चित्र देतो. म्हणून खरेदीपूर्वी पुस्तिकेतील एचडीएमआयचे पान वाचणे हे कर्जापूर्वी तारणाचे कागद वाचण्याइतकेच आवश्यक आहे. कॅमेऱ्याने जे पाठविलेच नाही ते रेकॉर्डर निर्माण करू शकत नाही.

दर्जाची किंमत साठवणीत मोजावी लागते. पूर्ण एचडी, सेकंदाला २५ चौकटी आणि प्रोरेस ४२२ या मापाने दर सेकंदास सुमारे १२२ मेगाबिट लिहिले जातात. तासाला हे सुमारे ५५ जीबी होतात. सहा तासांच्या विवाहाचे एका कॅमेऱ्याचे चित्रण ३३० जीबी. हंगामात अशी २० कार्ये घेतली तर ६.६ टीबी, आणि दोन प्रती ठेवल्या तर १३.२ टीबी. ३३० जीबीची नक्कल सेकंदाला १०० एमबी या वेगाने केली तरी ५५ मिनिटे लागतात. रेकॉर्डरची किंमत विचारणाऱ्याने डिस्कची किंमत आणि रात्रीचा हा तासही हिशेबात धरावा.

प्रत्यक्ष वापरातील धोके बहुधा लहान वस्तूंतून येतात. कॅमेऱ्याची एचडीएमआय खाच नाजूक असते. मांडवात कोणाचा पाय केबलीत अडकला की चित्रण तुटते, कधी खाचही सैल होते. केबल धरून ठेवणारा क्लॅम्प अल्प खर्चाचा असतो, पण तो नसल्याचा खर्च मोठा. कॅमेऱ्यातील आपोआप बंद होण्याची सोय आधी काढून ठेवावी. भारतात वीज ५० हर्ट्‌झची असल्याने २५ चौकटी आणि १/५० सेकंदाचा शटर ठेवावा, म्हणजे ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत नाही. रेकॉर्डरची बॅटरी वेगळी असते आणि लवकर संपते. चित्रण चालू असताना वीज गेली तर चालू फाइलच गमावण्याचा धोका असतो. मराठवाड्याच्या वैशाखात दोन्ही यंत्रे तापतात, तेव्हा त्यांना सावली द्यावी. रेकॉर्डरमधील पंख्याचा आवाज पकडला जाऊ नये म्हणून माइक वक्त्याजवळ असावा.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन व्यक्तींच्या ताब्यात राहतात. चित्रणालाही ही शिस्त हवी. ज्या कॅमेऱ्यात शक्य आहे तेथे आतील कार्डावर आणि बाहेरील एसएसडीवर एकाच वेळी नोंद घ्यावी. दुसरी प्रत उघडून तपासल्याशिवाय पहिली पुसू नये. एक प्रत दुकानात असेल तर दुसरी अन्य घरी असावी. आग आणि चोरी पत्ता विचारून येत नाहीत.

आता प्रश्न उरतो तो गरजेचा. दिग्दर्शक अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनली का डब्बा’ हा चित्रपट २०११ साली प्रदर्शित झाला. छायालेखक अमोल गोळे यांनी तो कॅनन ७डी या डीएसएलआरवर चित्रित केला होता. १२ मिनिटांची मर्यादा असलेल्या त्या कॅमेऱ्याने चित्रपटगृहात चालणारी कलाकृती दिली. मग रेकॉर्डर कशासाठी? उत्तर चित्रपट आणि कार्य यांतील भेदात आहे. चित्रपटाचे दृश्य काही मिनिटांचे असते. ते बिघडले तर पुन्हा घेता येते. सप्तपदीचे पाचवे पाऊल पुन्हा टाकता येत नाही. म्हणजे रेकॉर्डरचे खरे मोल चित्राच्या देखणेपणाहून अखंडतेत आणि दुसऱ्या प्रतीत अधिक आहे.

घरातील तरुण या व्यवसायात उतरू पाहत असेल, तर वडीलधाऱ्यांनी नकार देण्यापूर्वी आणि त्यानेही खरेदीपूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत ‘शिशु’, ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंत ‘तरुण’ अशी कर्जे मिळतात. कर्ज मिळते म्हणून घेणे हे मात्र उद्यमाचे लक्षण नव्हे. आयकरात कॅमेरा व तत्सम यंत्रांवर सामान्यतः १५ टक्के घसारा मिळतो, संगणकावर ४० टक्के. बाजारात मात्र ही यंत्रे त्याहून वेगाने जुनी होतात. १० बिट दर्जाचे आणि अमर्याद वेळेचे चित्रण स्वतःच करणारे मिररलेस कॅमेरे आता उपलब्ध आहेत. छायाचित्रण-चित्रण सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. सेवांसाठी सर्वसाधारणपणे २० लाखांच्या वार्षिक उलाढालीनंतर नोंदणी बंधनकारक ठरते. या साऱ्याचा निष्कर्ष एवढाच, की पहिल्या हंगामात रेकॉर्डर भाड्याने घ्यावा, कोणत्या कार्यात त्याने खरोखर काम वाचविले याची नोंद ठेवावी, आणि ती नोंद अनुकूल असेल तरच विकत घ्यावा. ज्याच्याकडे जुना, पण एचडीएमआयमधून स्वच्छ चित्र देणारा डीएसएलआर आहे, त्याला नवा कॅमेरा घेण्यापेक्षा रेकॉर्डर स्वस्त पडू शकतो. ज्याला सारेच नव्याने घ्यायचे आहे, त्याने आधी मिररलेसचा विचार करावा.

चित्रणाची मर्यादाही जाणली पाहिजे. महाराष्ट्रात अनेक साधू-साध्वी माइक आणि छायाचित्रण स्वीकारत नाहीत. शिरड शहापूरसारख्या तीर्थस्थानी, स्थानकात वा मंदिरात यंत्र उघडण्यापूर्वी अनुज्ञा घेणे हा तंत्राच्याही आधीचा धडा होय. लांबलचक केबली, प्रखर दिवे आणि धावपळ यांनी विधीची शांतता भंगणार असेल, तर त्या दिवशी उत्तम चित्रण न करणेच उत्तम.

परंतु एक चित्रण असे आहे की ज्याला मुहूर्त लागत नाही आणि विलंब परवडत नाही. हट्टा, वसमत, हिंगोली हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला. हाली सिक्क्यातील उधारी, बैलगाडीने येणारा माल, रझाकारांच्या काळात दुकानाला लागलेले कुलूप, सावकारीची मोडी लिपीतील बाडे — हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली माणसे आज नव्वदीच्या आसपास आहेत. प्रत्येक घरात ती नाहीत, आणि जेथे आहेत तेथेही किती वर्षे असतील हे कोणी सांगावे? त्यांच्या आठवणी १२ मिनिटांत बसत नाहीत, २९ मिनिटांतही बसत नाहीत. वृद्ध माणूस आधी गप्प बसतो, मग नातवंडांची चौकशी करतो, मग कधीतरी पाऊण तासाने मूळ गोष्टीवर येतो. नेमक्या त्या वेळी कॅमेरा थांबला आणि तरुणाने ‘आजोबा, पुन्हा सांगा’ म्हटले, तर दुसऱ्यांदा येते ते फक्त सारांशात.

अशा वेळी मोठा दिमाख लागत नाही. खिडकीचा उजेड, आजोबांची नेहमीची बैठक, जवळ ठेवलेला एक माइक, तिपाईवर स्थिर कॅमेरा आणि त्याला जोडलेला, दोन बॅटऱ्या बाळगणारा रेकॉर्डर एवढे पुरे. सोबत जुनी वही ठेवावी. तिच्या पानांवर बोट फिरवताना माणूस अधिक बोलतो. प्रश्न थोडे विचारावे आणि उत्तरात मध्ये येऊ नये. दोन तासांचे हे चित्रण सुमारे ११० जीबी होईल. ते संकलित केव्हा करायचे, कोणी करायचे, हे घराने सवडीने ठरवावे. खतावणीला पुढच्या दिवाळीपर्यंत अवकाश आहे. कीर्दीला तो नाही.