विद्यापीठ केगावला, बाया कुंभारीला

'उद्योजिका' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. पापड लाटणारी उद्योजिका, शेंगाचटणी कुटणारी उद्योजिका, गटाच्या कर्जाचे हप्ते भरून दमलेली बाईसुद्धा उद्योजिकाच! विडी वळणाऱ्या बाईला मात्र हा मान अजून कुणी दिलेला नाही. ती कामगार आहे, तिने मजुरी मागितली आहे, आणि मजुरी मागणाऱ्या बाईचा सत्कार कोण करणार?

जुळे सोलापुरात राहणाऱ्या आपल्यासारख्या नोकरदार घरांना विद्यापीठ माहीत असतं ते मुलांच्या गुणपत्रिकेपुरतं. आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बायांना तेवढंही माहीत नसतं. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर जिल्ह्यापुरतं स्वतंत्र विद्यापीठ झालं, २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर आणून वसवले, त्यांच्या हाताला काम दिलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. विणकरांच्याच शहरातल्या विद्यापीठाला हे नाव दिल्यावर त्याच्याकडून काही मागायचा हक्क आपल्याला मिळतो, असं मी मानते.

मागणी नवी नाही. शिकवणं आणि संशोधन यांच्याइतकंच समाजात जाऊन काम करणं हेही विद्यापीठाचं कर्तव्य आहे, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ सालीच म्हटलं होतं. महाराष्ट्राच्या २०१६च्या विद्यापीठ कायद्यात तर त्यासाठी मंडळं आहेत: एक आजीवन अध्ययन व विस्ताराचं, दुसरं नवोपक्रमांचं. पण नवोपक्रम म्हटलं की डोळ्यांपुढे लॅपटॉप घेतलेला पदवीधर मुलगाच का येतो? सातवीत शाळा सुटलेल्या, तीस वर्षं विड्या वळलेल्या बाईला त्या दारातून आत यायची वाट कुठे आहे?

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं, आणि आपल्यातल्या कितीजणींनी ते रडत रडत वाचलं असेल! त्या कार्व्हरची टस्कीगी ही संस्था १८८१ साली गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांसाठी सुरू झाली. खंडाने शेती करणारी, कर्जात बुडालेली ही माणसं संस्थेपर्यंत पोचू शकत नव्हती. म्हणून १९०६ साली संस्थेनेच एक गाडी केली, तीत अवजारं-बियाणं भरलं, जनावरं जुंपली आणि ती शेताच्या बांधावर नेली. शाळेने माणसांकडे जायचं, इतकी साधी गोष्ट.

पण मैत्रिणींनो, टस्कीगीची दुसरी गोष्ट त्या पुस्तकाच्या प्रेमात आपण विसरतो. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने त्याच भागातल्या सुमारे ६०० काळ्या पुरुषांवर उपदंशाचा अभ्यास केला. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही आजारी माणसांना ते दिलं नाही, आणि खरं काय चाललंय तेही सांगितलं नाही. या कामाला टस्कीगी संस्थेचं सहकार्य होतं. म्हणजे आपल्याच माणसांची म्हणवणारी संस्थाही आपल्या माणसांना नुसता 'नमुना' करू शकते. विडी कामगार बायांची पाठ, त्यांचा खोकला, त्यांचं उत्पन्न यांवर प्रश्नावल्या घेऊन येणाऱ्यांची कमी नाही. भरलेल्या प्रश्नावलीतून काय निघालं, हे सांगायला परत येणारे किती?

आपल्याच राज्यात वेगळी वाट दिसते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा अधिकार हातात घेतला. हे गावाने लढून केलं, विद्यापीठाने नव्हे. पुढे २०११ मध्येच स्थापन झालेलं गोंडवाना विद्यापीठ ग्रामसभांच्या प्रशिक्षणाच्या कामात उतरलं. आधी लोकांचा हक्क, मग विद्यापीठाची मदत, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

सोलापुरात हा क्रम कुठे गेला? १८७१च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं. रोज हजेरी आणि गिरणीत काम. 'सेटलमेंट' हे नाव अजून शहराच्या तोंडी आहे. तो कायदा १९५२ साली गेला. २०२१ मध्ये मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांमधली हातभट्टी बंद करून बायाबापड्यांना दुसरा रोजगार द्यायचं काम सुरू झालं, 'ऑपरेशन परिवर्तन' या नावाने. ते केलं ग्रामीण पोलिसांनी. काम चांगलं होतं, त्यात वाद नाही. पण ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या पोलिसांची भीती बाळगली, त्यांच्या दारात रोजगार घेऊन पहिल्यांदा पोलीसच जावेत? विद्यापीठ तर शेजारीच होतं.

कुंभारीचं उदाहरण घ्या. गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायांसाठी २००६ साली दहा हजार घरं झाली. ती त्यांनी संघटना करून, मोर्चे काढून मिळवली. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरातल्या तीस हजारांपैकी पंधरा हजार घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर झालं, पण काम शहरात राहिलं, आणि विडीचा धंदा काही वाढणार नाही हे त्या बायांनाही ठाऊक आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा विडीवरचा कल्याण उपकरही बंद झाला. पन्नाशीच्या बाईने आता काय करायचं?

कडक भाकरी आणि शेंगाचटणी करा, असं सगळे सांगतात. ठीक आहे. पण भाकरी किती दिवस टिकते हे तपासून पाकिटावर छापायचं तर प्रयोगशाळा लागते, आणि तिथली फी गटाला झेपत नाही. विद्यापीठाकडे प्रयोगशाळा आहेत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी शिलाई-गाठी मारणाऱ्या बाईच्या मजुरीत त्याचा एक रुपया तरी येतो का, हे तपासणारा अर्थशास्त्राचा एखादा विभाग हवा. शिकवायचं तर तेलुगूत आणि कन्नडमध्येही शिकवा, कुंभारीत येऊन शिकवा, आणि त्या दिवशीची बुडालेली मजुरी द्या. प्राध्यापकाला व्याख्यानाचं मानधन मिळतं, मग ऐकायला आलेल्या बाईचा वेळ फुकट कसा? आणि हे करताना मजुरीचा प्रश्न बाजूला सारता येणार नाही. 'उद्योजिका' केलेल्या बाईला भविष्य निर्वाह निधी नसतो, तिच्या वतीने भांडायला संघटनाही नसते.

विद्यापीठाच्या अधिसभेपुढे दरवर्षी अर्थसंकल्प येतो. त्या सभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा असतात. त्यांतली एक स्त्रियांसाठी आणि एक विमुक्त-भटक्यांसाठी राखीव आहे. निवडणुकीत मत देण्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं. जुळे सोलापुरातल्या आपल्या गटात पदवीधर बऱ्याच आहेत. पुढच्या बैठकीला येताना पदवी प्रमाणपत्राची प्रत घेऊन या, अर्ज तिथेच भरू. आणि कुंभारीहून येणाऱ्यांना परतीची बस मिळेल अशी वेळ ठेवू.