शब्दांची दीक्षा कोणाकडून घ्यावी?

वर्तमानपत्र वाचून मुलांनी रोज पाच नवे शब्द शिकावेत, असा उपदेश हल्ली जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील शाळांतून, शिकवणीवर्गांतून आणि स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिकांतून केला जातो. उपदेश चांगला आहे. शब्दकोश पाठ करून भाषा येत नाही; चालू घटनेत, माणसांच्या व्यवहारात शब्द भेटला म्हणजेच तो मनात रुजतो. आमच्या मुलांना तर या अभ्यासाची गरज अधिकच आहे. खानदेशातील मूल घरी 'शे' म्हणते आणि शाळेत 'आहे' लिहिते. अहिराणीच्या अंगणातून छापील मराठीच्या उंबरठ्यावर येताना प्रत्येक मोठ्या शब्दापुढे ते बिचकते. हे बिचकणे गेले पाहिजे, याविषयी दुमत नाही.

परंतु शब्द शिकणे निराळे आणि शब्दापुढे मान तुकवणे निराळे. वहीत एक शब्द लिहिला, त्यापुढे प्रतिशब्द लिहिला, म्हणजे अर्थ कळला, ही समजूत घातक आहे. तो शब्द कोणी घडवला, कोणासाठी घडवला आणि त्याने कोणाचे काय हिरावले जाते, हे विचारल्याखेरीज अर्थ पुरा होत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्यांनीच नाव दिले आणि दुसऱ्यांनीच नावे ठेवली, त्या समाजाच्या मुलांनी तरी कोणताही शब्द न तपासता स्वीकारता कामा नये.

बाबासाहेबांनी आपल्याला हेच शिकवले आहे. १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत', पुढे 'समता', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' : या नियतकालिकांची नुसती नावे ओळीने वाचली तरी एका समाजाच्या शब्दसंपत्तीचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो. मुका होता तो बहिष्कृत आहे हे ओळखू लागला, बहिष्कृत होता तो जनता झाला, आणि अखेर प्रबुद्ध झाला. बातमी वाचता वाचता आमचे आजोबा-पणजोबा हे शब्द शिकले आणि त्या शब्दांबरोबर स्वतःकडे पाहण्याची नवी दृष्टीही शिकले. बाबासाहेबांना शब्दांचे केवढे अगत्य होते याची साक्ष त्यांचा पाली शब्दकोश देतो. त्यांच्या हयातीत तो छापला गेला नाही. १९९८ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात तो प्रसिद्ध केला. राज्यघटनेचा शिल्पकार पाली शब्दांचे अर्थ लिहीत बसला होता, ते काय विरंगुळा म्हणून? धर्म बदलावयाचा तर शब्दही आपले हवेत, हे ते पुरते जाणून होते.

आता आजच्या बातम्यांतील काही शब्द या कसोटीवर घासून पाहू.

पहिला शब्द 'धर्मस्वातंत्र्य'. मुलाला अर्थ विचारला तर ते सांगेल, आपला धर्म आपण निवडण्याची मोकळीक. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाचा आशयही असाच आहे : सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क. पण बातमीत या शब्दाचे काय झाले आहे ते पाहा. ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे केले आणि त्यांना नाव दिले 'धर्मस्वातंत्र्य'. गुजरातने २००३ साली तोच नामविधी केला. कुलुपालाच किल्ली म्हणावे, तसा हा प्रकार आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने 'प्रसार' या शब्दात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क समाविष्ट नाही, असा अर्थ लावून पहिले दोन कायदे वैध ठरवले. एका शब्दाच्या अर्थावर केवढे ओझे तोलले गेले!

हे कायदे आमच्यापासून दूर नाहीत. रावेरच्या पुढे गेले की बऱ्हाणपूर, नवापूर ओलांडले की गुजरात. खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेला जाऊन राहिली आहेत. त्या गुजरातच्या गृहखात्याने ८ एप्रिल २०२४ रोजी परिपत्रक काढून बजावले की, बौद्ध धर्म हा त्या कायद्यापुरता स्वतंत्र धर्म समजावा आणि हिंदू धर्मातून तो स्वीकारणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी. याच राज्याने २००६ साली बौद्धांना हिंदूंचाच एक पंथ ठरवू पाहणारे दुरुस्ती विधेयक आणले होते. ते पुढे मागे घ्यावे लागले. स्वतंत्र अस्तित्व मागावे तेव्हा आम्ही पंथ, आणि परवानगीचा अर्ज भरावयाचा तेव्हा मात्र आम्ही स्वतंत्र धर्म! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली, तेव्हा त्यांनी कोणत्या अधिकाऱ्याकडे अर्ज केला होता? महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तीच्या व फसवणुकीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा करण्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा हा शब्द आमच्या दारापर्यंत आला आहे, हे जाणून तो शिकावा.

दुसरा शब्द 'प्रलोभन'. बळजबरी आणि फसवणूक यांचे समर्थन कोणी करीत नाही. परंतु मध्य प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात प्रलोभनाच्या व्याख्येत पैसा, देणगी व नोकरी यांच्याबरोबर 'अधिक चांगले जीवनमान' हेही घातले आहे. अधिक चांगल्या, माणसाच्या जीवनाची आशा धरूनच तर आमच्या वडीलधाऱ्यांनी दीक्षा घेतली. पाणवठ्यावर मज्जाव असलेल्या माणसाला 'तू माणूस आहेस, माणसासारखा जग' असे सांगणे हे प्रलोभन ठरणार असेल, तर बाबासाहेबांचे कोणते भाषण या व्याख्येबाहेर राहील? त्याच कायद्यात पित्याच्या धर्मात परत जाणे हे धर्मांतर समजले जात नाही. बातमीत यालाच समांतर असा गोंडस शब्द आहे, 'घरवापसी'. ज्या घराच्या ओसरीवरसुद्धा आम्हाला कधी बसू दिले नाही, ते घर आमचे कधी झाले, हे हा शब्द वापरणाऱ्यांनी एकदा सांगावे.

तिसरा शब्द 'नवबौद्ध', आणि तो आपलेच लोक बिनदिक्कत वापरतात याचे अधिक दुःख आहे. १९५६ साली जो बौद्ध झाला तो त्या दिवशी नवा होता, हे कबूल. पण त्याचा मुलगा, नातू, पणतू जन्मतः बौद्ध असूनही नवेच? मग जुने होण्यास किती पिढ्या लागतात, याचे कोष्टक शासनाने प्रसिद्ध करावे. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सत्तावीस लाखांहून अधिक लोकांनी, आणि २०११ च्या जनगणनेत पासष्ट लाखांहून अधिक लोकांनी, आपला धर्म 'बौद्ध' म्हणून नोंदवला. त्यांनी 'नव' हे विशेषण मागितले नव्हते.

कोणी म्हणेल, हक्कांसाठी हा शब्द आवश्यक आहे. त्यास कायद्याचेच उत्तर आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे प्रथम हिंदूंनाच, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर शिखांनाही, अनुसूचित जातीचे सदस्य मानले जात असे. बौद्ध होताच माणूस त्या यादीबाहेर पडे. १९६२ च्या निवडणुकीत राखीव जागेवर विजयी झालेले डॉ. डी. पी. मेश्राम यांची आमदारकी याच कारणाने सर्वोच्च न्यायालयात गेली. धर्म 'प्रकट करणे' म्हणजे काय, हा तेथील प्रश्न होता. जाहीरपणे धर्म स्वीकारला म्हणजे तो प्रकट केला, असे न्यायालयाने ठरवले. एका क्रियापदाने एक जागा गेली! त्या काळात यशवंतराव चव्हाण यांच्या शासनाने राज्यापुरते हक्क बौद्धांना चालू ठेवले आणि कागदोपत्री 'नवबौद्ध' हा शब्द रूढ झाला. त्या वेळी त्यामागे कारभाराची काही निकड असेल. पण १९९० साली संसदेने आदेशात दुरुस्ती केली आणि हिंदू व शीख यांच्या जोडीला शब्द घातला तो 'बौद्ध', 'नवबौद्ध' नव्हे. कायद्याने जे विशेषण लावले नाही ते शासनाच्या योजनांच्या नावांत आणि बातम्यांच्या मथळ्यांत अजून कशासाठी?

सांस्कृतिक पुरवण्यांतही हेच आढळते. अजिंठ्यावर लेख येतो तेव्हा मुले 'वारसा', 'पर्यटन', 'भित्तिचित्र' हे शब्द टिपतात. 'संघ', 'विहार', 'चैत्य' यांचा अर्थ कोणी सांगत नाही. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना वर्तमानपत्रे 'पांडवलेणी' म्हणतात. तेथील शिलालेख भिक्षुसंघाला दिलेल्या दानांची नोंद करतात आणि त्या डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे देतात. पांडवांशी त्या लेण्यांचा काही संबंध नाही. डोंगर तेथेच राहिला, लेणी तेथेच राहिली, फक्त नाव बदलले आणि मालकी बदलली.

यावर विचारले जाईल की, शब्दांच्या वादाने कोणाचे पोट भरते काय? न्यायालयात ज्याने एक दिवस काढला आहे तो हा प्रश्न विचारणार नाही. जातीचा दाखला शब्दावर मिळतो व शब्दावर नाकारला जातो. आरोपपत्र शब्दावर उभे राहते. 'सवलत' म्हटले की उपकार होतो आणि 'हक्क' म्हटले की देणे होते. ज्या धुळ्यात राजवाड्यांनी अखेरच्या काळात मराठीच्या धातूंचा शोध घेतला, त्या शहरात शब्दाच्या मुळाशी जाण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. राजवाड्यांच्या मतांशी आमचा विरोध आहे. पण मूळ खणून पाहण्याची चिकाटी घेण्याजोगी आहे.

म्हणून सूचना साधी आहे. वर्षावासात आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्यानंतर अर्धा तास मुलांसाठी ठेवावा. त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रांतून पाच शब्द निवडावेत आणि वहीत तीन रकाने आखावेत : बातमीत शब्द कोणत्या अर्थाने आला, कायद्यात किंवा घटनेत तो कसा आहे, आणि आपल्या अनुभवात त्याचा अर्थ काय. तिन्ही रकाने जुळले तर शब्द खुशाल वापरावा. न जुळल्यास संपादकाला पत्र लिहून विचारावे. या कामी जळगाव-धुळ्यातील आपल्या वकिलांनी व शिक्षकांनी आळीपाळीने वेळ द्यावा. १९३७ साली बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले, त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला तेथे हजारो लोक जमतात. तेथे फुलांच्या हारांबरोबर या वह्याही नेल्या, तर एका बॅरिस्टराला ते अभिवादन अधिक शोभेल.

दीक्षा घेताना आपण बावीस प्रतिज्ञा शब्द न शब्द उच्चारल्या, कारण तो प्रत्येक शब्द आपण समजून स्वीकारला होता. मुलांनी वर्तमानपत्रातील शब्दही त्याच सावधपणे घ्यावेत. जो शब्द आपल्याला लहान करतो तो पाठ करण्यासाठी नसतो, परत करण्यासाठी असतो.