बेकार मुलाला पहिले काम कोण देते?

बी. ए. झालेला मुलगा नोकरीवाचून घरी बसला की घरातले बोलणेच बदलते. शेजारीण विचारते, "सध्या काय करतो?" आई म्हणते, "परीक्षा देतोय." वडील वर्तमानपत्रात तोंड खुपसतात. १९७०च्या सुमारास श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, खेड्यापाड्यांत अशी असंख्य घरे होती.

५ एप्रिल १९७१च्या रात्री तिथल्या 'जनता विमुक्ती पेरमुना'च्या तरुणांनी बेटभर पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. हाती शॉटगन आणि घरी बनवलेले बॉम्ब. वेल्लवायाच्या ठाण्यावर ठरल्या वेळेआधीच, त्या दिवशी पहाटे हल्ला झाला आणि सरकार सावध झाले. सिरिमावो बंडारनायके यांचे हे सरकार निवडून यावे म्हणून याच मुलांनी वर्षापूर्वी प्रचार केला होता. ते सावरले भारतासह अनेक देशांच्या मदतीने. मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेयसेकेरे यांनी पुढे १०,१९२ संशयितांची माहिती तपासली. बहुतेक जण विशीच्या आगेमागचे, शाळा शिकलेले.

शिकलेले, हेच तर दुखणे! १९४५पासून तिथे शिक्षण मोफत, तेही मातृभाषेत. चहाच्या मळ्यांवर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेत पदवीधरांना जागा मात्र थोड्या, आणि त्यातल्या बऱ्या नोकऱ्या इंग्रजी येणाऱ्यांना. सिंहली मुले इंग्रजीला 'कडुव' म्हणत, म्हणजे तलवार. ती कोणाच्या मानेवर पडत होती, ते सांगायला नको.

मग बेकार तो अतिरेकी, असे समजायचे काय? मुळीच नाही. तसे असते तर आपल्या निम्म्या गल्ल्या पेटल्या असत्या. बहुसंख्य बेकार मुले मान खाली घालून अर्ज भरत राहतात. फरक पडतो तो त्यांच्याकडे आधी कोण पोचतो, यामुळे. मॉस्कोतले वैद्यकीय शिक्षण अर्धवट राहिलेला रोहन विजेवीरा पोचला. त्याची पाच व्याख्याने ठरलेली होती आणि ती लहान लहान गटांना दिली जात. व्याख्यान ऐकलेला मुलगा दुसऱ्याला घेऊन येई. बंदूक पुढची, आधी त्याला काम मिळाले, कोणीतरी त्याची वाट पाहू लागले.

सरकारने काय दिले? आणीबाणी, छावण्या, खटले. आणि नोकरीसाठी खासदाराची चिठ्ठी. (वशिल्याला सिंहली शब्द शोधायची आपल्याला गरज नाही.) १९८७ ते ८९मध्ये त्याच पक्षाने दुसरे बंड केले, तेव्हा दोन्ही बाजूंनी हजारो मारले गेले. त्यानंतर नेमलेल्या युवक आयोगाने १९९०मध्ये नोकरभरतीतल्या राजकीय हस्तक्षेपावरच बोट ठेवले.

२०२४मध्ये याच पक्षाचे नेते अनुरा कुमारा दिसानायके मतपेटीतून राष्ट्राध्यक्ष झाले. दुसऱ्या बंडाच्या वेळी ते विशीत होते. त्या वेळी त्यांच्याच वयाची जी मुले घरातून गेली, त्यातल्या कित्येकांच्या आया आजही त्यांचा ठावठिकाणा विचारत आहेत.