बंडखोरांचें सोवळें

कलेच्या प्रांतांत एक आक्षेप असा आहे कीं, तो घेणाऱ्यास मूळ कृति वाचावी लागत नाहीं, पाहावी लागत नाहीं, ऐकावी तर मुळींच लागत नाहीं. पैसे कोणीं दिले आणि माल किती खपला, एवढें विचारलें कीं निकाल तयार होतो. 'हा विकला गेला' हा तो आक्षेप होय. आपल्याकडे तो कथाकारांवर घेतला गेला, गवयांवर घेतला गेला. परंतु त्याचें अस्सल रूप पाहावयाचें असेल, तर अमेरिकेंतील पॉप-पंक नांवाच्या संगीताकडे आणि त्यांतल्या 'बास्केट केस' या १९९४ सालच्या गाण्याकडे वळावें. आमचें म्हणणें असें कीं, या गाण्यावर त्याच्या निंदकांनीं जेवढा अन्याय केला, तेवढाच त्याच्या भाटांनींही केला. दोघांचा दोषही एकच: दोघांनींही खप मोजला; गाणें काय सांगतें, हें फारसें कोणीं विचारलें नाहीं.

प्रथम पार्श्वभूमि सांगणें अवश्य आहे. १९७५-७६ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडन येथें पंक म्हणून ओळखलें जाणारें संगीत पुढें आलें. मोजके स्वर, भरधाव लय, खरखरीत गिटार आणि 'आमचें आम्हीच करूं' हा बाणा, हीं त्याचीं लक्षणें. न्यूयॉर्कच्या रामोन्स आणि मँचेस्टरच्या बझकॉक्स या मंडळींनीं त्याच वेगाला गुणगुणतां येईल अशी चाल जोडली, आणि पॉप-पंकचा पाया तेथेंच पडला. पुढें ३१ डिसेंबर १९८६ रोजीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें गिलमन स्ट्रीटवर ९२४ क्रमांकाच्या जागेंत एक सभागृह उघडलें. तें स्वयंसेवक चालवीत आणि नियम सभासदांच्या मतानें ठरत. मद्य नको, मारामारी नको, वर्णद्वेष नको, स्त्रियांचा अवमान नको, असे ते नियम होते. ज्या वयांत तरुणांस कोणताच नियम रुचत नाहीं, त्या वयांत त्यांनीं असे नियम स्वतः होऊन पत्करले, याबद्दल त्यांचा गौरवच केला पाहिजे. परंतु त्यांत आणखी एक नियम होता: ज्या मंडळीनें मोठ्या ध्वनिमुद्रण-कंपनीशीं करार केला, तिला या व्यासपीठावर प्रवेश नाहीं. बंडखोरांच्या घरांत सोवळें शिरलें तें याच दारानें.

बिली जो आर्मस्ट्राँग, माइक डर्न्ट आणि ट्रे कूल या तिघांची 'ग्रीन डे' ही मंडळी याच सभागृहांत वाढली. बर्कलीच्याच 'लुकआउट' या लहानशा संस्थेनें तिचे पहिले दोन संग्रह काढले. १९९३ सालीं तिनें वॉर्नरच्या छत्राखालील 'रिप्राइझ' या कंपनीशीं करार केला, आणि ज्या घरांत ती वाढली त्याचें दार तिला बंद झालें. 'बास्केट केस' श्रोत्यांच्या कानीं पडण्यापूर्वींच त्याच्याविरुद्धचा निकाल लिहून झाला होता.

आतां गाणें कसें घडलें तें पाहूं. त्याची चाल आधीं सुचली. तिच्यावर आर्मस्ट्राँगनें प्रथम जे शब्द बसविले, ते एका प्रेमकथेचे होते. ते त्याचे त्यालाच पसंत पडेनात. हा पहिला खर्डा २०२३ सालीं, 'डूकी' या संग्रहाच्या तिसाव्या वर्षानिमित्त निघालेल्या आवृत्तींत प्रसिद्ध झाला आहे. जिज्ञासूंनीं तो अवश्य ऐकावा. चाल बहुतांशीं तीच आहे, पण गाणें निर्जीव आहे. पुढें त्यानें ते शब्द टाकून दिले आणि स्वतःच्या व्याधीवर लिहिलें. त्यास अकस्मात् भयाचे झटके येत आणि आपणांस वेड लागत आहे असें वाटे. या विकाराचें वैद्यकीय नांव त्याला पुष्कळ उशिरां कळलें. 'बास्केट केस' हा तिकडील बोलींत मनाचा तोल गेलेल्या माणसासाठीं हेटाळणीनें वापरला जाणारा शब्द. तो त्यानें स्वतःवरच ओढून घेतला.

बर्कलीच्याच फँटसी स्टुडिओंत, निर्माता रॉब कव्हॅलो याच्या देखरेखीखालीं हें ध्वनिमुद्रण झालें. गाणें अवघ्या तीन मिनिटांचें. आरंभीं एक आवाज आणि दाबून धरलेल्या तारांची एक गिटार, एवढेंच ऐकूं येतें. मनुष्य एकटाच बोलत आहे, आपली कटकट ऐकून घेण्यास कोणाला सवड आहे काय, असें विचारीत आहे. मग खर्ज गिटार आणि ढोल येऊन आदळतात, आणि त्याचें बोलणें धांवूं लागतें. दुसऱ्या कडव्यांत तो मनोवैद्याकडे जातो, पण तेथेंही त्याचें समाधान होत नाहीं. त्याच्या स्वरसंगतीची ठेवण सतराव्या शतकांतील जर्मन संगीतकार पाखेलबेल याच्या सुप्रसिद्ध 'कॅनन'शीं जुळते, हें अनेकांनीं दाखविलें आहे. त्यांत चोरी शोधण्याचें कारण नाहीं. ज्याच्या पायाखालची जमीन सरकत आहे, त्याला उभें राहण्यासाठीं सुरांची ही सर्वांत ओळखीची पायरी मिळाली आहे. शब्द घाबरे आणि चाल निर्धास्त, या विरोधांतच या गाण्याचें सामर्थ्य आहे.

आक्षेपकांच्या बाजूस जें बळ आहे, तें आम्ही नाकारीत नाहीं. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी याचा १९९३ सालचा 'द बॅफलर' या नियतकालिकांतील लेख या विषयावर आजही वाचण्यासारखा आहे. त्यांत त्यानें एका काल्पनिक मंडळीचा जमाखर्च मांडला. अडीच लाख प्रती खपून कंपनीस सात लाख दहा हजार डॉलर सुटतात आणि चौघां वादकांपैकीं प्रत्येकाच्या हातीं चार हजारांहून थोडे अधिक पडतात! हा हिशेब भेदक आहे. पण तो कशाविरुद्ध आहे? तो कराराविरुद्ध आहे, अडत्यांविरुद्ध आहे. गाण्याविरुद्ध त्यांत एक अक्षर नाहीं. त्याच अल्बिनीनें त्याच वर्षीं 'निर्व्हाना' या मंडळीचा संग्रह मोठ्या कंपनीसाठीं ध्वनिमुद्रित केला. मात्र खपावरील टक्केवारी न घेतां ठराविक मजुरी घेतली. काम आणि सौदा या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें त्याला पक्कें ठाऊक होतें. त्याचा हिशेब वाचून ज्यांनीं गायकांनाच बहिष्कृत केलें, त्यांनीं कुळाची दुर्दशा ऐकून सावकाराऐवजीं कुळालाच वाळींत टाकलें, असें म्हणावें लागतें.

शिवाय लहान संस्था म्हणजे पवित्र संस्था, या समजुतीचें काय झालें? २००५ सालीं ग्रीन डेनें आपले पहिले संग्रह लुकआउटकडून काढून घेतले. कारण एवढेंच कीं, त्यांवरील मानधन थकलें होतें. पुढें ती संस्थाही बंद पडली. तिच्या चालकांच्या हेतूबद्दल आम्हांस शंका घ्यावयाची नाहीं. परंतु भांडवल थोडें असलें म्हणजे व्यवहार चोख होतोच असें नाहीं, इतकें तरी यावरून मान्य व्हावें.

आतां भाटांकडे वळूं. आकाशवाणी-केंद्रांवर आणि एम्‌टीव्हीवर हें गाणें अहोरात्र वाजलें. 'बिलबोर्ड'च्या आधुनिक रॉक गीतांच्या यादींत तें पांच आठवडे अग्रभागीं होतें, आणि १९९५ च्या प्रारंभीं ब्रिटनमध्यें सातव्या स्थानीं पोंचलें. गंमत अशी कीं, ज्या गाण्यानें मंडळी 'विकली गेली' असा गवगवा झाला, त्याची स्वतंत्र तबकडी अमेरिकेंत विक्रीस आलीच नव्हती! विकला गेला तो 'डूकी' हा संग्रह. १९९५ सालीं त्यास 'पर्यायी संगीता'चें ग्रॅमी पारितोषिक मिळालें, आणि १९९९ पर्यंत एकट्या अमेरिकेंत त्यास एक कोटी प्रतींचें प्रमाणपत्र लाभलें. हे आंकडे भाटांनीं गुणवत्तेचा पुरावा म्हणून मिरविले. खप हें पाप नव्हे, हें आम्ही म्हणतों. पण मग तें पुण्यही नव्हे, हेंही म्हटलें पाहिजे.

या आंकड्यांच्या झटापटींत एक खरा आक्षेप घ्यावयाचा राहून गेला. या गाण्याचें चलच्चित्र सँटा क्लारा परगण्यांतील ॲग्न्यूज येथील मनोरुग्णांच्या जुन्या संस्थेंत घेतलें गेलें. तें कृष्णधवल घेऊन मागाहून त्यावर भडक रंग चढविले. तेथें वेडेपणा हें नेपथ्य झालें आहे. जी भीति गाण्यांत माणसाच्या आंत आहे, ती चित्रांत तमाशासारखी बाहेर मांडली आहे. गाणें स्वतःवर हंसतें, चित्र रुग्णांवर हंसतें. टीकाकारानें बोट ठेवावयाचें तें येथें. परंतु सोवळेकऱ्यांची दृष्टि करारपत्रावर खिळलेली आणि भाटांची विक्रीच्या वहीवर. मग चित्र पाहावयास सवड कोणाला होती?

महाराष्ट्रीय वाचकांस हा वाद परका वाटूं नये. ग्रामोफोन आला, तेव्हां तीन-साडेतीन मिनिटांत राग कोंबणें म्हणजे विद्येची विटंबना, असें मानणारे थोर गवई आपल्याकडेही होते. भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आज आपणांस ऐकावयास मिळत नाहीं. अब्दुल करीम खाँ तबकड्यांसाठीं गाइले, आणि त्या आजही घरोघर ऐकल्या जातात. बुवांची थोरवी यानें उणी होत नाहीं; परंतु खाँसाहेबांस 'विकले गेले' म्हणण्याचें धाडस आज कोण करील? त्यांच्या तबकड्या ऐकतांना कंपनीनें किती कमावलें हें आपण विचारीत नाहीं. स्वर लागला कीं नाहीं, हें ऐकतों.

मे २०१५ मध्यें गिलमनच्या सभागृहानें ग्रीन डेस एका मदतीच्या जलशासाठीं पुन्हा आंत घेतलें. जवळजवळ बावीस वर्षांत गाण्याचा एक स्वरही बदलला नव्हता. बदलला तो दारावरचा पहारा. हाच निवाडा आधीं होण्यास कोणती अडचण होती? रात्रीं छाती धडधडून जागा झालेला एखादा तरुण हें गाणें ऐकतो, आणि आपली ही अवस्था दुसऱ्या कोणाचीही होते हें त्यास प्रथमच कळतें. त्या तरुणाच्या दृष्टीनें रिप्राइझ आणि लुकआउट यांत तिळमात्र अंतर नाहीं. ज्या टीकेला हा श्रोता दिसत नाहीं, तिनें स्वतःस बंडखोर म्हणवूं नये. ती दुकानदाराचीच वही उलट्या बाजूनें वाचीत आहे.